बरी झाली का?

काही प्रश्न दिसायला अगदी लहान असतात. विचारणाऱ्याला वाटते, याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात मावेल. तो विचारतोही आपुलकीने. त्याच्या मनात वाकडे काही नसते. पण ज्याला उत्तर द्यायचे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. ‘बरी झाली का?’ हा त्यांतलाच एक प्रश्न. माझ्या थोरल्या बहिणीविषयीचा हा प्रश्न मी आमच्या बोरीत एस. टी. स्टँडवर ऐकला, पिठाच्या गिरणीत ऐकला, आठवडी बाजारात भाजी घेताना ऐकला आणि आपल्या कॉलेजच्या पायऱ्यांवरही ऐकला.

‘हो’ म्हणावे तर ते पूर्ण खरे नाही. ‘नाही’ म्हणावे तर ते साफ खोटे. मग ‘आता ठीक आहे’ असे काहीतरी पुटपुटून मी पुढे सरकतो. पाठीमागे कुणी तरी म्हणते, ‘‘नीट सांगत नाहीत ओ. काही तरी असंल.’’

या ‘हो’ आणि ‘नाही’च्या मधल्या जागेत एक अख्खे घर कसे राहते, ते या अंकाच्या निमित्ताने सांगावेसे वाटते. आजाराविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. आजार ओसरल्यानंतरच्या दिवसांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

ताईचा आजार अंडाशयाचा. आपल्या भागात बायकांच्या पोटातल्या साऱ्या दुखण्यांना एकच शब्द आहे, ‘पिशवी’. पिशवीला सूज आली, पिशवी खाली आली, पिशवी काढली. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांची गर्भाशये ऐन तरुण वयात काढली गेली आणि ‘नाहीतर कॅन्सर होईल’ ही भीती त्यामागे होती, हे २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राने वर्तमानपत्रांतून वाचले. पण ज्या अवयवाला आपण नावच दिलेले नाही, त्याच्या आजाराला तरी नाव कुठून देणार? गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये असतात, हे मलाही बहिणीच्या आजारामुळेच कळले.

२०२२ सालचा भाद्रपद होता. मी बारावीत होतो, ताई एकवीस वर्षांची. सोयाबीन शेंगांत भरत आले होते. गणपती बसले त्या सुमारास ताईचे पोट दुखू लागले आणि तीन-चार आठवड्यांत ते वर आलेले दिसू लागले. एका डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी जंताचे औषध दिले. पोट वाढतच राहिले. आणि खेड्यात अविवाहित मुलीचे पोट वाढू लागले की त्याचा अर्थ डॉक्टरच्या आधी गल्ली लावते! कुणी तोंडावर बोलले नाही. पण पाण्याच्या टाकीपाशी माय गेली की बोलणी थांबत. मायने टाकीवर जाणे सोडले. ती अंधार पडल्यावर पाणी आणू लागली.

परभणीला सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी पडद्याकडे बोट दाखवून सांगितले, ‘‘डाव्या अंडाशयाला गाठ आहे. मोठी आहे. लवकर पुढे न्यावे लागेल.’’ माझे लक्ष मायकडे होते. ‘गाठ’ हा शब्द ऐकताच तिने डोळे मिटले आणि सुटकेचा एक लांब श्वास सोडला. लेकीच्या पोटात प्राणघातक काही वाढते आहे हे कळल्यावर एका आईला क्षणभर का होईना बरे वाटावे, एवढी ती कुजबुज तिच्या उरावर बसली होती! त्या श्वासाबद्दल मी मायला कधीच दोष देणार नाही. पण ज्या समाजात एका आईवर असा श्वास सोडण्याची वेळ येते, त्या समाजाबद्दल मात्र मनात पुष्कळ काही येते.

परभणीहून रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने आम्ही मुंबई गाठली. परळचे टाटा स्मारक रुग्णालय प्रथम पाहिले तेव्हा छाती दडपली. एवढी माणसे, आणि साऱ्यांच्या हातांत सारख्याच फायली! या रुग्णालयाचा जन्मही एका घरावरच्या आघातातून झालेला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या मागे त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडले. १९६२ पासून ते भारत सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. ज्या दुःखाला पैसा असूनही उपाय सापडला नाही, त्या दुःखातून पैसा नसलेल्यांसाठी दार उघडले गेले.

आमच्या राहण्याची सोय दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. आयुष्यभर हातात खराटा घेऊन फिरणाऱ्या त्या फकिराच्या नावाखाली बंगालची, बिहारची, आसामची, विदर्भ-मराठवाड्याची माणसे एका छपराखाली झोपत. बापू रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून जिना झाडीत. ‘‘फुकट राहतो, तर हात तरी हलवावा,’’ म्हणत. मला वाटते, झाडण्यात त्यांचा वेळ जाई. शेतकऱ्याला नुसते बसून राहणे जमत नाही.

ऑपरेशन झाले. एक अंडाशय काढले. दुसरे अंडाशय आणि गर्भाशय डॉक्टरांनी राखले. आठवड्याभराने अहवाल आला. गाठ साधी नव्हती. इंग्रजीत तिचे नाव ‘योक सॅक ट्यूमर’. योक म्हणजे अंड्यातला बलक. गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असताना त्याच्याजवळ बलकाची एक इवलीशी पिशवी असते. या गाठीतल्या पेशी त्या पिशवीच्या पेशींसारख्या दिसतात. डेन्मार्कचे विकृतिशास्त्रज्ञ गुन्नार टायलुम यांनी १९५९ साली या गाठीची ओळख नीट पटवून दिली. अंडाशयाच्या साऱ्या कर्करोगांत ही गाठ दुर्मीळ. तिच्या वाट्याला जातात त्या बहुतेक लहान मुली आणि विशीच्या आसपासच्या तरुणी. आणि ती वाढते किती झपाट्याने! इतर गाठींना महिने-वर्षे लागतात तिथे हिला काही आठवडे पुरतात.

पण याच गाठीविषयी डॉक्टरांनी दुसरीही एक गोष्ट सांगितली. जी झपाट्याने वाढते, ती औषधालाही झपाट्याने बळी पडते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हा आजार झालेल्या मुली बहुतेक वर्षा-दोन वर्षांत दगावत. आज वेळेवर उपचार मिळालेल्यांपैकी बहुसंख्य मुली वाचतात. हा फरक ज्या औषधाने पडला त्याचे नाव सिसप्लॅटिन. त्यात प्लॅटिनम हा धातू असतो. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ विजेच्या प्रवाहाचा जंतूंवर काय परिणाम होतो हे पाहत होते. जंतूंचे विभाजन थांबले आणि ते दोऱ्यासारखे लांबत गेले. शोध घेता कळले, की ही करामत विजेची नव्हती, तारांच्या टोकांशी असलेल्या प्लॅटिनमची होती! हा शोध १९६५ साली प्रसिद्ध झाला. १९७४ साली इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी पुरुषांच्या वृषणाच्या कर्करोगावर हे औषध इतर औषधांच्या जोडीने वापरून मरणाच्या दारातली माणसे परत आणली. १९७८ साली अमेरिकेत त्याला रीतसर मान्यता मिळाली. एक माणूस जंतूंना वीज लावून पाहतो आणि काही दशकांनी जिंतूर तालुक्यातली एक मुलगी त्यामुळे जगते... ज्ञान कुठून निघते आणि कुठे पोचते, याचा हिशेब कोणी ठेवावा?

ताईला तीन औषधांची किमो मिळाली. दर एकवीस दिवसांनी एक फेरी, अशा चार फेऱ्या. पहिले पाच दिवस सकाळपासून सलाईन चाले, कारण सिसप्लॅटिनचा मूत्रपिंडांवर ताण येतो. उलट्या झाल्या, तोंड आले, कानांत सतत रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येऊ लागला. दुसऱ्या फेरीच्या सुमारास केस गेले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे ऑपरेशनचा आणि किमोचा मोठा भार हलका झाला; केशरी रेशनकार्डाची किंमत आम्हाला तेव्हा कळली. तरी जाण्यायेण्याचा, खाण्यापिण्याचा आणि किरकोळ औषधांचा खर्च होताच. दुभती म्हैस विकली. त्या वर्षीचे सोयाबीन चुलत्यांनी काढले, भरडले आणि विकले. हिशेबाची वही मात्र बापू आल्यावर त्यांच्या हातात दिली.

या काळात आमच्या घरात एक नवा देव आला. त्याचे नाव ए. एफ. पी. हे रक्तातले एक प्रथिन आहे. गर्भातल्या बाळाच्या रक्तात ते भरपूर असते. मोठ्या माणसाच्या रक्तात त्याचा आकडा साधारण दहाच्या आत असतो. ताईची गाठ हे प्रथिन तयार करीत होती. ऑपरेशनपूर्वी तिचा आकडा हजारांत होता. गाठ निघून गेली आणि मागे काही उरले नाही, तर हा आकडा दर पाच-सात दिवसांनी निम्मा होत उतरतो. शाळेत शिकलेली भागाकाराची उदाहरणे मी धर्मशाळेच्या जिन्यात बसून पुन्हा सोडवू लागलो. अपेक्षित आकडा किती, आलेला किती. बापूंना इंग्रजी वाचता येत नाही, पण अहवालात तो आकडा कुठे असतो ते त्यांना पाठ झाले होते. ते कागद दुमडून माझ्यापुढे धरीत आणि विचारीत, ‘‘उतरला का?’’

उतरला. २०२३ सालच्या संक्रांतीच्या सुमारास चौथी फेरी संपली तेव्हा तो दहाच्या आत आला होता. सी. टी. स्कॅनमध्ये काही दिसले नाही. डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली आणि म्हणाल्या, ‘‘रिमिशन आहे. आजाराची खूण आज कुठे दिसत नाही. आता दर महिन्याला रक्त तपासायचं.’’

बापूंनी विचारले, ‘‘म्हणजे बरी झाली ना, बाई?’’

त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, ‘‘दादा, परत यायचा असेल तर हा आजार बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच येतो. ती वर्षं जाऊ द्या, मग मी तुमचा शब्द वापरीन.’’

आणि इथून आमच्या घराची खरी परीक्षा सुरू झाली.

आजार चालू असताना काय करायचे हे सगळ्यांना ठाऊक असते. गाडी पकडायची, रांगेत उभे राहायचे, रक्त द्यायला माणसे जमवायची, पेज करायची. हाताला काम असते. आजार ओसरला की हात रिकामे होतात आणि भीती मात्र तशीच राहते. गावाच्या लेखी आमचे प्रकरण संपले होते. आत्याने नवस बोलला होता. ती म्हणाली, गावजेवण घाला. माय म्हणाली, ‘‘दोन वर्षं होऊ द्या.’’ आत्या रागावली : ‘‘देवानं दिलं तरी तुमचं तोंड वाकडंच!’’ दोघींच्याही बोलण्यात खोटे काही नव्हते. आत्याला देवाचे ऋण फेडायचे होते, मायला देवाला घाई केल्यासारखे वाटत होते.

प्रत्येकाची भीती निराळ्या वाटेने चालते. माय रात्री ताई झोपली की तिच्या पोटावरून अलगद हात फिरवी. ताई जागी असे. पण ती झोपल्याचे सोंग घेई. बापूंनी साऱ्या फायली पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्याच्या उताऱ्यांशेजारी ठेवल्या आणि त्या पेटीला कुलूप घातले. ताईचे साधे डोके दुखले तरी मी मनात महिने मोजू लागे. दर महिन्याला रक्त देऊन अहवाल येईपर्यंतचे ते दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. आकडा आला की सगळे एकदम बोलू लागत, उगाच हसत, आणि महिनाभराने पुन्हा तेच.

माय स्वतःला एक प्रश्न वारंवार विचारी : ‘‘मला आधीच कसं कळलं नाही?’’ तिचा हा सल आम्हाला काढता येईना. तो काढला डॉक्टरीणबाईंनी. त्यांनी आपल्याच मराठवाड्यातली गोष्ट सांगितली. तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी फार मोठा अभ्यास सुरू झाला. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या सुमारे एक लाख एकतीस हजार निरोगी खेडूत बायका त्यात होत्या. विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा झाली तरी त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी होतात, हे २००९ साली त्यातून जगापुढे आले. आपल्या आयाबहिणींनी जगाला दिलेले हे ज्ञान! पण अंडाशयाचे तसे नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांना वर्षानुवर्षे तपासले. अशा तपासण्यांनी अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी होत नाहीत, असाच निष्कर्ष २०२१ साली निघाला. ‘‘ज्याची चाचणीच जगात नाही, ते तुम्हाला चुलीपुढे बसून कसं कळणार होतं, माय?’’ त्या म्हणाल्या. माय त्या दिवशी पोटभर जेवली.

दिवस जात राहिले. ताईचे केस परत आले. आधी सरळ होते, आता कुरळे आले. तिची बी. ए. ची परीक्षा राहिली होती, ती तिने दिली. तपासणीला आम्ही बरोबर निघालो की ती म्हणे, ‘‘सगळं घर कशाला? मी काय लहान आहे?’’ दर महिन्याची तपासणी हळूहळू दर तीन महिन्यांवर आली. दोन वर्षे पुरी झाली तेव्हा आत्याचे गावजेवण झाले. आणि त्याच सुमारास ताईला एक स्थळ सांगून आले.

घरात पुन्हा दोन पक्ष पडले. आत्या म्हणाली, ‘‘काही सांगायचं नाही. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं म्हणा. पोरीचं कल्याण होईल.’’ चुलतेही तिच्याच बाजूचे. बापू गप्प. माय पदराशी चाळा करीत होती. मला वाटते, हे आमच्याच घरात घडले असे नाही. मनीषा कोईराला या अभिनेत्रीला २०१२ साली अंडाशयाचाच कर्करोग झाला. न्यूयॉर्कला उपचार घेऊन त्या परतल्या आणि पुढे २०१८ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. त्या उघडपणे बोलल्या, ही मोठीच गोष्ट. पण पडद्यावरच्या माणसाने बोलणे आणि बोरीतल्या लग्नाच्या मुलीने बोलणे, यांत मुंबई-परभणीहून मोठे अंतर आहे.

ताईने सगळ्यांचे ऐकून घेतले. मग ती शांतपणे म्हणाली, ‘‘आत्या, दोन वर्षं मी दर महिन्याला रक्ताचा आकडा येईपर्यंत जीव मुठीत धरला. आता खोटं बोलून लग्न केलं, तर ते कधी उघडं पडंल म्हणून जन्मभर जीव मुठीत धरू का? आजाराची भीती औषधानं गेली. ह्या भीतीला औषध काय?’’

पाहुणे आले तेव्हा तिने स्वतःच सांगितले. काय झाले होते, काय काढले, काय राहिले आहे, तपासण्या किती दिवसांनी असतात. एक अंडाशय आणि गर्भाशय शाबूत असलेल्या पुष्कळ मुलींना या उपचारांनंतर मुले झालेली आहेत, हेही सांगितले. बैठकीत एकदम शांतता पसरली. मुलाची आई उठून ताईजवळ आली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मुलाचे वडील म्हणाले, ‘‘कळवतो.’’ त्यांचे कळवणे आले नाही. आत्या पंधरा दिवस ताईशी बोलली नाही. पण बापूंनी त्या संध्याकाळी पत्र्याच्या पेटीचे कुलूप काढले, ते पुन्हा लावले नाही.

आम्ही कोरडवाहू जमिनीची माणसे. मृगात पेरणी झाली, कोंब वर आले, रान हिरवेगार दिसू लागले, तरी आमच्याकडचा शेतकरी ‘पिकलं’ असे कधी म्हणत नाही. पावसाने ताण दिला तर दुबार पेरणी असते, दिवाळीच्या तोंडावर अवकाळी असतो. खळ्यावर रास पडेपर्यंत तो एवढेच म्हणतो, ‘‘आज रान चांगलं हाय.’’ आणि ‘पिकलं का?’ असे भर श्रावणात त्याला कोणी विचारीतही नाही. विचारणारा अडाणी ठरेल. तरी श्रावणात तो हात बांधून बसत नाही. तो खुरपतो, कोळपतो, शेजाऱ्याच्या लग्नाला जातो, पोळ्याला बैल सजवतो. पुढचे ठाऊक नसताना आजचे काम मनापासून करण्याची ही विद्या आपल्या बापजाद्यांनी काळ्या मातीत पिढ्यान् पिढ्या घोटली आहे. मग हीच विद्या माणसाच्या आजाराच्या वेळी आपण का विसरतो?

मित्रहो, आपल्या वर्गात, आपल्या गल्लीत असे एखादे घर आजही असेल. त्या घरच्या माणसाला ‘पूर्ण बरी झाली का?’ असे विचारू नका. आज जेवण काय केले, अभ्यास कुठवर आला, कापसाला भाव काय मिळाला, असे काहीही विचारा. आणि एखाद्या मुलीचे पोट वाढलेले दिसले तर कुजबुजण्याआधी तिला परभणीपर्यंत नेणारी गाडी पाहा. त्या कुजबुजीत गेलेला एक आठवडासुद्धा फार महाग असतो.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा शब्द पाळला. गेल्या तपासणीत त्यांनी आपण होऊन बापूंना सांगितले, ‘‘दादा, आता तुमचा शब्द वापरायला हरकत नाही. सहा महिन्यांनी दाखवायला मात्र या.’’ बापूंनी घरी येऊन तो शब्द कोणाला सांगितला नाही. ताई सध्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. पहाटे तिच्या खोलीतला दिवा लागलेला दिसतो. परवा रस्त्यात कुणी तरी तोच जुना प्रश्न मला विचारला. मी म्हणालो, ‘‘आज चांगली आहे.’’ आणि या वेळी मला पुटपुटावे लागले नाही.